बर्फाचे मैदान आणि हंगामापूर्वीची हॉकी

माझ्याकडून तुम्ही आजवर ऐकले ते हुमणीचा बंदोबस्त, डाळिंबावरचा तेल्या, बांधबंदिस्ती आणि बीजप्रक्रिया. आज मात्र मी एका खेळाविषयी लिहिणार आहे, आणि तोही साता समुद्रापलीकडचा. 'साहेबांना या वयात हे काय सुचले?' असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. खेळाचे मैदान पाहून आलो खरा, पण तिथून जे घेऊन आलो ते आपल्या बांधावरच कामाला आले.

त्याचे असे झाले. आमची थोरली मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठात मृदाशास्त्राचे संशोधन करते. 'आईबाबा, एकदा येऊन जा' हा तिचा धोशा तीन वर्षे चालला होता. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरात अर्जित रजा मंजूर करून घेतली आणि आम्ही उभयतां निघालो. सौ.ने सोबत शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या आणि दोन शाली घेतल्या. शाली कशाला, असे मी म्हणालो होतो. ते बोलणे पुढे मला गिळावे लागले.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण शहर मागे टाकून बस चार-पाच तास वायव्येकडे धावते तेव्हा जे दिसते ते निव्वळ शेतीचे राज्य. कापणीला आलेला मका, सफरचंदाच्या बागा, काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाई आणि मुरघासाचे पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गठ्ठे. डोंगरावरची झाडे लाल, केशरी, पिवळी झाली होती. पानगळीपूर्वीचा हा रंगोत्सव पाहायला लोक दुरून येतात. इथाका हे गाव कायुगा नावाच्या लांबट तळ्याच्या दक्षिण टोकाला वसले आहे. हे तळे लांबीला सुमारे साठ किलोमीटर आहे, पण रुंदीला इतके बेताचे की पलीकडच्या काठावरची घरे मोजून घ्यावीत. गावातून ओढे खोल घळी कापत तळ्याकडे उतरतात आणि वर टेकडीवर विद्यापीठ.

या विद्यापीठाची स्थापना १८६५ सालची. त्याआधी तीन वर्षे, १८६२ साली, अमेरिकी सरकारने एक कायदा केला. शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांसाठी राज्यांना सरकारी जमिनी द्यावयाच्या आणि त्यांच्या विक्रीतून कॉलेजे उभी करावयाची, अशी ती योजना. कॉर्नेल त्याच योजनेतले. मक्याच्या दाण्यांचे रंग पारखून आनुवंशिकतेचे गूढ उकलणाऱ्या आणि १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक या इथल्याच शेतकी कॉलेजच्या पदवीधर. आणि माझ्यासारख्याला हात जोडावेसे वाटतील अशी आणखी एक गोष्ट. इथून दीड तासाच्या आत बिंगहॅम्टन हे शहर आहे. तिथे १९११ साली जॉन बॅरन नावाचा कॉर्नेलचा पदवीधर शेतकऱ्यांना गावोगाव फिरून सल्ला देण्यासाठी नेमला गेला. त्या नेमणुकीला गावच्या व्यापारी मंडळाने, रेल्वे कंपनीने आणि सरकारच्या शेती खात्याने मिळून हातभार लावला. पुढे १९१४ साली कायदा झाला आणि शेती विस्ताराचे काम साऱ्या देशभर पसरले. म्हणजे आमच्या जातकुळीचा हा एक जुना पूर्वजच म्हणायचा.

असो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मुलगी म्हणाली, ''बाबा, आज संध्याकाळी हॉकी बघायला येता का? कॉलेजच्या संघाचा सामना आहे.''

माझे कान टवकारले. मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात असताना हॉकी खेळलो आहे. फार मोठा खेळाडू नव्हतो. पण खडकीच्या पोरांशी सामना ठरला की आम्ही आठ दिवस आधी स्टिकला तेल पाजत असू आणि सामन्याच्या दिवशी चार-पाच गोल पदरात पाडून परत येत असू. धनराज पिल्ले ज्या खडकीने देशाला दिला त्या खडकीशी आमची गाठ! त्यामुळे हरण्यातही अभिमान होता. मी म्हणालो, ''येतो की. कुणाशी आहे?''

''कुणाशीच नाही. आपसातच. हंगाम सुरू व्हायला वेळ आहे अजून. त्याआधी लाल आणि पांढरा असे आपल्याच संघाचे दोन भाग करून खेळतात. आणि बाबा, हॉकी आहे ती बर्फावरची हं. आई, शाल घे.''

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

मैदान म्हणजे एक मोठी बंदिस्त इमारत आहे. तिचे नाव लायना रिंक. १९५७ साली ती उघडली आणि २००६ साली तिची दुरुस्ती होऊन आता तिच्यात सुमारे सव्वाचार हजार माणसे बसतात. मोठ्या गावच्या यात्रेत कुस्तीच्या फडाला याहून जास्त माणूस जमतो. पण फडावर आभाळ मोकळे असते. इथे छत, भिंती आणि माणसे अशी अंगाशी येतात की बारीक आवाजही घुमतो. छताला जुन्या विजयांचे फलक टांगलेले आहेत. त्यांत १९६७ आणि १९७० ही दोन साले लोक एकमेकांना बोटाने दाखवतात. त्या दोन्ही वर्षी हा संघ देशात पहिला आला. नेड हार्कनेस हे तेव्हाचे प्रशिक्षक. १९७० साली तर संघाने २९ सामने खेळले आणि २९ जिंकले. हार नाही, बरोबरी नाही. १९६७ च्या संघाचा गोलरक्षक केन ड्रायडन. हा पुढे कॅनडातला नामांकित खेळाडू झाला, वकील झाला, तिकडच्या सरकारात मंत्रीही झाला. २०२५ च्या सप्टेंबरात तो वारला.

ही इमारत होण्याआधी मुले कुठे खेळत? तर विद्यापीठाच्या आवारातच बीबी नावाचे एक लहान तळे आहे. हिवाळ्यात ते गोठले की त्याच्यावर. मात्र थंडी कमी पडली, मध्येच ऊन पडले, की बर्फ पातळ आणि सामना रद्द. अशा लहरी बर्फाला कंटाळून १९४० नंतरच्या दशकाअखेरीस संघच बंद पडला आणि पक्के मैदान झाल्यावर १९५७ साली पुन्हा उभा राहिला. मुलीने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, ''म्हणजे पूर्वीची हॉकी कोरडवाहू आणि आताची बागायती!'' ती हसली. पण दुष्काळी माणदेशात तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? लडाखात आपल्याकडेही हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. आमच्या भागातले माजी सैनिक त्याच्या गोष्टी सांगतात.

आता हा बर्फ करतात कसा ते सांगतो, कारण तुम्ही नक्की विचारणार. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. खाली सिमेंटची लादी आणि लादीच्या पोटात जवळजवळ बसवलेल्या नळ्यांचे जाळे. त्या नळ्यांतून शून्याखाली गार केलेले, पण न गोठणारे द्रावण सतत फिरते. लादी गार झाली की वर पाण्याचे पातळ थर एकावर एक देत जातात. दोन-चार थर झाले की पांढरा रंग आणि रेषा, त्यावर पुन्हा थर. सगळे मिळून जाडी एक-दीड इंच. आपण शेणाने अंगण सारवतो तसे हे सारवणच, फक्त पाण्याचे.

खेळात बुटांच्या पात्यांनी हा बर्फ ओरखडतो. मग खेळाच्या दोन भागांमध्ये एक गाडी येते. तिला झांबोनी म्हणतात. ती बर्फाचा वरचा पापुद्रा तासते, चुरा पोटात घेते आणि मागे गरम पाण्याचा पातळ पोत फिरवत जाते. होय, गरम पाणी! गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालचा बर्फ किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. या यंत्राचा जनक फ्रँक झांबोनी हा कॅलिफोर्नियाचा. त्याचा आणि त्याच्या भावाचा पहिला धंदा दूधवाल्यांना विजेची आणि शीतकरणाची यंत्रे बसवून देण्याचा. पुढे त्यांनी बर्फाच्या लाद्यांचा कारखाना काढला, मग बर्फाचे मैदान. मैदान साफ करायला तीन-चार माणसे आणि तासाहून अधिक वेळ लागे. म्हणून त्याने १९४२ साली एक ट्रॅक्टर विकत घेतला आणि त्यावर खटपट सुरू केली. सात वर्षे घातली तेव्हा १९४९ साली यंत्र जमले. सात वर्षांची ती चिकाटी ऐकून आमच्या तालुक्यातले, भंगारातून कोळपी बनवणारे दोन-तीन कारागीर मला आठवले.

आम्ही बसलो तेव्हा मैदान आरशासारखे चकाकत होते. आत गारठा इतका की सौ.ने एक शाल स्वतः घेतली आणि दुसरी काही न बोलता माझ्या खांद्यावर टाकली. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. ट्रॅक्टर कंपनीची टोपी, रापलेला चेहरा, जाड बोटे. शेतकऱ्याची बोटे जगात कुठेही ओळखू येतात. मुलीने ओळख करून दिली आणि मी शेती खात्यातला आहे असे कळताच त्यांनी पहिला प्रश्न केला, तो पावसाचा. मग आमचे जमले. माझे इंग्रजी अडले की मुलगी पुढे होई.

खेळ सुरू झाला. आपल्या हॉकीत अकरा खेळाडू, इथे गोलरक्षक धरून सहा. चेंडूऐवजी काळ्या रबराची टणक चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. तिला पक म्हणतात. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. सुरुवातीला पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो. मला आमची जुनी बुली आठवली. आणि वेग! आपण मातीवर पळतो. ही मुले घसरत नाहीत, उडतात. मिनिटभर जीव तोडून खेळायचे आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर, त्याच क्षणी दुसरा आत. मोटेवरचे बैल बदलावेत तशी ही पाळी. मैदानाला लाकडी कठडा आणि त्याच्यावर जाड पारदर्शक तावदाने. दोन खेळाडू त्यावर आदळले की धाडकन आवाज होई आणि सौ. 'अगं बाई' म्हणून माझा दंड धरी.

बाकांवर मुलांचा मोठा दंगा चालला होता. इथले विद्यार्थी सामना उभ्यानेच पाहतात. पूर्वी हंगामाची तिकिटे मिळवण्यासाठी ते रात्र-रात्र रांगेत काढत. मध्येच एकाने गाईच्या गळ्यातली घंटा काढली आणि एका ठेक्यात वाजवू लागला. बाकीच्यांनी त्या ठेक्याला टाळ्यांची साथ दिली. खिल्लार बैलांची जोडी शर्यतीला निघावी असे वाटले. गोलरक्षकाने गोल खाल्ला की सगळे एका सुरात त्याला 'चाळण, चाळण' म्हणून चिडवतात. आज दोन्ही गोलरक्षक घरचेच, त्यामुळे चिडवणेही घरचेच होते. पण घंटा इथे कशी, असे मी शेजाऱ्यांना विचारले. त्यांनी घंटेचे उत्तर दिले नाही, दुसरीच एक गोष्ट सांगितली.

बॉस्टनजवळचे हार्वर्ड विद्यापीठ यांचे जुने प्रतिस्पर्धी. १९७३ साली एका सामन्यात हार्वर्डच्या एका प्रेक्षकाने कॉर्नेलच्या गोलरक्षकाच्या अंगावर मेलेली कोंबडी फेकली. अर्थ असा की, तुमचे शेतकी कॉलेज, तुम्ही कोंबड्या पाळणारे. पुढचा सामना या लायना रिंकमध्ये होता. हार्वर्डचा संघ बर्फावर उतरला आणि बाकांवरून मासळीचा पाऊस पडला. बॉस्टन समुद्रकाठचे, तेव्हा तुम्ही मासळीवाले! तेव्हापासून हार्वर्डचा संघ आला की लोक सदऱ्यात मासे लपवून आणतात. व्यवस्थापन ताकीद देते, खेळ खोळंबला तर आपल्याच संघाला शिक्षा होऊ शकते, तरी मासे येतातच.

मी पोट धरून हसलो. पण हसताना आत कुठेतरी टोचलेही. शेतकी कॉलेजचा विद्यार्थी म्हणून टोमणे आम्हीही ऐकलेले आहेत. 'शेतीच करायची तर पदवी कशाला?' हे वाक्य आमच्या घरातच आले होते. फरक एवढाच की इथल्या मुलांनी तो टोमणा लाज म्हणून गिळला नाही. घंटा काढून वाजवली.

पहिल्या भागानंतर झांबोनी मैदानात आली तेव्हा मी शेजाऱ्यांना विचारले, ''हा सामना हिशेबात धरत नाहीत. मग आपण मुद्दाम कशाला आलात?''

ते म्हणाले, ''म्हणूनच आलो. हिशेबातले सामने सगळेच बघतात. पोरे शिकतात ती इथे.''

दुसऱ्या भागात मी गोल मोजायचे सोडून पोरेच बघू लागलो. आपण पेरणीपूर्वी काय करतो? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बियाणे पेरायला योग्य. या संध्याकाळीही गोणपाट उलगडून दाणे पाहणे चालले होते. पण एक फरक होता, आणि तो मला फार आवडला. लाल संघात एक नवखा पोरगा होता. वेग भरपूर, पण कठड्याच्या कोपऱ्यात पक मिळाला की गोंधळायचा. दोनदा त्याच्या काठीवरून पांढऱ्या संघातल्या एका थोराड खेळाडूने पक काढून नेला. तिसऱ्या वेळी खेळ थांबला असताना तोच थोराड खेळाडू, म्हणजे त्या दिवसापुरता त्याचा प्रतिस्पर्धी, त्याच्याजवळ आला. त्याने कोपऱ्यात नेऊन काठीने बर्फावर दाखवले: पाठ इकडे, पाय असा, पक असा झाकायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. पोराने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा तोच कोपरा, तेच दोघे. या वेळी पक पोराकडेच राहिला. आणि ज्याच्या हातून सुटला त्यानेच काठी बर्फावर आपटून त्याला शाबासकी दिली.

''हा थोराड या वर्षी शेवटच्या वर्गात असेल,'' शेजारी म्हणाले. ''चार वर्षे खेळायचे आणि जायचे. आयव्ही लीग म्हणतात त्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. त्यामुळे जाण्याआधी शिकवून जातात.''

मुलीने मला प्रशिक्षकांविषयीही सांगितले. माईक शेफर हे १९८६ चे इथलेच पदवीधर, इथल्याच संघाचे खेळाडू. १९९५ पासून मुख्य प्रशिक्षक. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी जाहीर केले की येता हंगाम आपला शेवटचा. त्याच वेळी त्यांची जागा घेणारे केसी जोन्सही ठरले. तेही याच संघातून खेळलेले आणि पूर्वी इथे शेफरांचे सहायक राहिलेले. २०११ पासून ते क्लार्कसन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. ती मुख्य जागा सोडून ते वर्षभर पुन्हा दुय्यम जागेवर आले. म्हणजे जाणारा आणि येणारा, दोघे एक पूर्ण हंगाम एकत्र काम करणार आणि मग चार्ज दिला-घेतला जाणार.

मी गप्प झालो. सौ.ने विचारले, ''थंडी वाजते का?''

''नाही,'' मी म्हणालो. ''चार्जची यादी आठवली.''

बंधूंनो, मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या आधीच्या गृहस्थांकडून मला चार्ज मिळाला. यादीत लिहिले होते: टेबल एक, खुर्च्या तीन, लोखंडी कपाट एक, किल्ल्या दोन. सही केली आणि ते गेले. कोणत्या गावात कोणती विहीर मचूळ, कोणत्या शिवारात चोपण, कोणत्या ओढ्याला आठ वर्षांतून एकदा पूर येतो, कोणत्या घरातल्या भावाभावांत बोलणे नाही म्हणून शेततळे अडले आहे, हे काही यादीत नव्हते. ते शिकायला मला दहा वर्षे लागली. पुढे मी वह्या ठेवू लागलो, गावागणिक एक. पहिल्या पावसाची तारीख, पेरणी, दुबार पेरणी, माती परीक्षण, विहिरींची पाणीपातळी. अशा वह्यांनी घरातली एक ट्रंक भरली. निवृत्ती समोर दिसत होती. त्या ट्रंकेचे काय करायचे याचा मी एकदाही विचार केला नव्हता. उलट आमच्याकडे नव्याने लागलेला एक विस्तार अधिकारी आहे. तो मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून शिवार दाखवतो, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, ''बाबा रे, माती मोबाइलात नसते.'' पोरगा ओशाळला होता. कोपऱ्यात पक हरवलेल्या त्या पोरासारखाच दिसला असेल.

हे मी शेजाऱ्यांना थोडेफार सांगितले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, ''मी साठ गाई ठेवत होतो. गुडघे गेले तेव्हा विकल्या आणि जमीन एका तरुणाला खंडाने दिली. चांगला पोरगा. कष्टाळू. पण माझ्या खालच्या रानात पाणी लागते. माझ्या वडिलांनी तिथे जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या होत्या. त्या कुठून कुठे जातात ते कागदावर नाही, माझ्या डोक्यात आहे. त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही. मला वाटले, विचारील तेव्हा सांगू. त्याने जड यंत्र फिरवले, नळ्या फुटल्या. मक्याचे सबंध रान पिवळे पडले.'' जरा थांबून ते म्हणाले, ''एकदा त्याच्याबरोबर बांधावरून चालायला अर्धा तास लागला असता.''

मुलीने हे मला मराठीत सांगितले. शेवटचे वाक्य सांगताना ती जरा अडखळली. समोर मुलांनी गोल केला होता. सगळे उभे राहून ओरडत होते. आम्ही दोघे म्हातारे तेवढे बसून होतो.

सामना संपला. कोण जिंकले याची कोणाला फारशी फिकीर नव्हती. दोन्ही संघ एकत्र होऊन बर्फावर एक फेरी मारून गेले. बाहेर पडलो तेव्हा आकाश स्वच्छ होते आणि तोंडातून वाफा निघत होत्या. शेजाऱ्यांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. घराकडे चालताना मुलगी म्हणाली, ''बाबा, तुमच्या वह्यांचे फोटो काढून ठेवू का आपण?''

मी म्हणालो, ''काढ. पण आधी त्या पोराला घेऊन मला शिवारातून चालायचे आहे.''

परतल्यावर ते केले. २०२५ च्या उन्हाळ्यात मी आणि तो नवा अधिकारी गावे चालत फिरलो. रोज सकाळी एक गाव, ऊन चढेपर्यंत. वही माझ्या हातात, मोबाइल त्याच्या. मी दाखवायचे, 'या बांधापासून त्या बाभळीपर्यंत चोपण', आणि त्याने नकाशावर तिथे खूण करायची. एका गावात माझ्या वहीतला ओढा मला सापडेना. त्याने जुना-नवा नकाशा ताडून दाखवला की सहा वर्षांपूर्वी कोणीतरी तो बुजवून रान केले आहे. दर पावसाळ्यात वरच्या बाजूच्या तीन शेतकऱ्यांचे बाजरीचे पीक का बसते, हे कोडे मला सुटले नव्हते. ते त्या दिवशी त्याच्या मोबाइलवर सुटले. मी त्याला चारचौघांत बोललो होतो, म्हणून चावडीवर चारचौघांतच सांगितले की, 'हे या साहेबांनी शोधले.' पोरगा पुन्हा ओशाळला, पण ते ओशाळणे वेगळे होते.

तिकडची बातमी मुलगी कळवत होती. त्या संघाने मार्च २०२५ मध्ये लेक प्लॅसिडला आपल्या विभागाची स्पर्धा सलग दुसऱ्या वर्षी जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेटला हरवले आणि पुढच्या सामन्यात बॉस्टन विद्यापीठाकडून जादा वेळेत एका गोलाने हरले. शेफर निवृत्त झाले, जोन्स यांनी सूत्रे घेतली.

तुमच्या घरातही कोणाच्या तरी डोक्यात अशी एक वही असेल. जुन्या पाइपलाइनचा मार्ग, बांधाचा मूळ दगड, कोणत्या म्हशीला कोणता चारा बाधतो, बियाण्याच्या बाजरीचे कणीस कसे निवडायचे. यातले निम्मे तर घरातल्या आजीलाच ठाऊक असते आणि तिला कोणी विचारत नाही. पोरे विचारतील तेव्हा सांगू, असे म्हणू नका. पेरणीच्या घाईत कोणी कोणाला शिकवत नाही. वैशाखात, कामे थंड असताना, अर्धा तास काढा आणि त्यांना घेऊन बांधावरून चाला.

निघताना मुलीने मला एक पक घेऊन दिला. तो माझ्या कचेरीतल्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. येणारा प्रत्येक शेतकरी तो उचलून बघतो आणि विचारतो, ''साहेब, हा कुठल्या मोटरीचा रबर?'' मी त्याला खुर्ची देतो, चहा मागवतो आणि ही सगळी हकिकत सांगतो. चार्जच्या यादीत मात्र तो घालणार नाही. नव्या साहेबाला मी तसाच हातात देणार आहे.